सहा बाय चारचं पर्जन्यवन

लातुरात भर मे महिन्यात एखाद्याच्या भिंतीवर हिरवंगार, ओलं, थबथबलेलं शेवाळ दिसलं तर गल्लीत त्याचा अर्थ एकच होतो: ह्या घरानं पाणी चोरलं. कला हा अर्थ त्या यादीतसुद्धा नसतो. सुकन्या बिराजदारला हे आधी कुणी सांगितलं नाही, आणि नंतर सांगितलं ते थेट सहीशिक्क्यानिशी.

सुरुवात एका कॅलेंडरपासून झाली. तिच्या नवऱ्याचं, उमाशंकरचं, रंग आणि हार्डवेअरचं दुकान आहे. तिथं आलेलं कुठल्याशा रंगाच्या कंपनीचं कॅलेंडर स्वयंपाकघरात लागलं आणि फेब्रुवारीच्या पानावर एक रान निघालं. उंच काळपट खोडं, खोडांना अंगभर शेवाळाचे स्वेटर, फांद्यांवरून लोंबणाऱ्या हिरव्या दाढ्या, खाली गुडघाभर नेचे, आणि सगळ्यातून फिरणारं धुकं. तळाशी बारीक इंग्रजीत लिहिलेलं नाव तिनं मोबाईलला विचारलं. मोबाईल म्हणाला, समशीतोष्ण पर्जन्यवन. पोळी लाटता लाटता सुकन्यानं त्या पानाकडं बघितलं आणि तिच्या अंगावर काटा आला. लातुरात थंडीनं काटा यायचे दिवस वर्षातून मोजून अकरा. हा त्यांतला नव्हता.

ते पान मग उलटलंच नाही. मार्च आला, गेला. बिराजदारांच्या घरात फेब्रुवारीच चालू. सासूबाई गौरम्मा मूळच्या उदगीरच्या, सणावाराला पक्क्या. त्यांनी चष्मा लावून तीनदा बसवजयंती शोधली आणि ती फेब्रुवारीत सापडेना म्हणून कॅलेंडर छापणाऱ्याला नास्तिक ठरवून मोकळ्या झाल्या.

आता सुकन्याला हे रान नुसतं बघायचं नव्हतं, करायचं होतं. त्यामागं चार वर्षांचा अपमान होता. नांदेडला एका मंडळाचं दरवर्षी उन्हाळ्यात कलाप्रदर्शन भरतं. सुकन्या कुठल्या कलाशाळेत गेलेली नाही. जे आलं ते हातानं आलं. पण ती काहीही घेऊन गेली तरी मंडळवाले लांबूनच बघायचे, हसायचे आणि फॉर्मवर स्वतःच्या हातानं खूण करायचे, ‘टाकाऊतून टिकाऊ’. चारही वर्षं तिला त्या विभागात उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. चारही वर्षं परीक्षकांनी एकच वाक्य उच्चारलं, “छान आयडिया आहे.” हे वाक्य माणूस शेजारणीच्या उरलेल्या भाताच्या वड्यांना म्हणतो. सुकन्याच्या डोक्यात तिडीक गेली. यंदा चित्रकला विभाग. चित्रकलेच्या भिंतीवर, चित्रकलेच्या पाटीखाली, नाही तर नांदेडचं तोंड बघणार नाही, असं तिनं कणीक मळता मळता जाहीर केलं. उमाशंकर म्हणाला, “बरं.” त्याचं बोलणं साधारण एवढंच असतं.

रान करायचं तर आधी रान बघायला पाहिजे, म्हणून मार्चच्या पहिल्याच आठवड्यात दोघं किनवटला गेले. लातूरहून बसनं नांदेड, तिथून रेल्वे. गाडी मुदखेडला एवढा वेळ थांबली की उमाशंकरनं फलाटावरच्या गळक्या नळाला चावीचा कोणता नंबर बसेल तेसुद्धा ठरवून टाकलं. किनवटच्या पुढं रानात शिरले आणि बघतात तर काय, एका झाडाला पान नाही. मैलोगणती नुसत्या उभ्या काठ्या, खाली कुरकुरीत पाचोळा, आणि मधेच पेटल्यासारखा एखादा पळस.

“रान कुठंय?” सुकन्यानं तिथल्या वनरक्षकाला, साहेबरावला, विचारलं.

“हेच की ताई. मार्च चालू हाय. सागानं पानं टाकली. पानं बघायची तर पावसाळ्यात या.”

निदान साल तरी नेऊ म्हणून तिनं खाली पडलेले सालीचे तीन तुकडे पिशवीत टाकले. साहेबराव लगेच उभा राहिला.

“साल कुठं चालली? परवाना?”

“चित्रासाठी आहे हो.”

“चित्राचा परवाना न्हाई ना ताई आमच्याकडं. सरपणाचा हाय, डिंकाचा हाय, औषधी मुळ्यांचा बी हाय. तुमी औषधी म्हना, मी बघतो. पन चित्र म्हनून राहिले तर माझा नाइलाज हाय.”

सुकन्यानं खोटं बोलायला साफ इनकार केला. तीन तुकडे तिनं परत ठेवले. साहेबरावनं ते ज्या झाडाखालचे होते त्याच झाडाखाली ठेवायला लावले. परतीच्या गाडीत ती मुदखेड येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही; नंतर बोलली ते लातूर येईपर्यंत.

मग तिनं सगळं घरीच घडवायचं ठरवलं. सहा फूट बाय चार फुटांची प्लायवूडची फळी. तिच्यावर कापसाच्या पऱ्हाट्यांची खोडं, त्यांना डिंकात भिजवलेल्या गोणपाटाची साल. शेवाळासाठी काथ्या कुटून, हिरव्याच्या नऊ छटांत रंगवून. दगडांवरची बुरशी घोसाळ्याच्या जाळीची. फांद्यांवरच्या दाढ्या उसवलेल्या लोकरीच्या. खालचं गवत एका सोनेरी, कुरळ्या, बारीक काड्यांच्या गवताचं, तेही हिरवं केलेलं. नेचे वाळवलेल्या शेवग्याच्या पाल्याचे, एकेक पान दाबून चिकटवलेले. धुक्याला दवाखान्यातली पट्टीची जाळी. मधल्या रिकाम्या जागेत रंग, ब्रशनं, कारण शेवटी ते चित्र होतं. तीन महिने लागले.

सल्ले रोज येत होते. समोरच्या उज्वलाला कुणाच्याही दारात उभं राहिलं की सुचतं. ती म्हणाली, “ताई, लई भारी. पन मोर न्हाई का एखादा? मोराबिगर रान म्हंजे कुंकवाबिगर कपाळ.” दुसऱ्या दिवशी तिनं मोराऐवजी वाघ सुचवला, तिसऱ्या दिवशी मोटर लावून धबधबा. गौरम्मा काठी टेकत येऊन फळीसमोर बसल्या आणि म्हणाल्या, “शिवा शिवा! एवढं रान केलंस, आता मधे एक पिंड ठेव गं. न्हाई तर हे रान कुणासाठी?”

“कुणासाठीच नाही, अत्या. रान आहे.”

“अय्यो! कुणासाठीच न्हाई?” त्या माउलीला रात्रभर झोप लागली नाही.

उमाशंकरनं फक्त एकदा विचारलं, “ह्याच्यात मानूस न्हाई का?”

“नाही.”

“बरं.”

शेवटचा हात वॉर्निशचा होता, आणि तिथंच घात झाला. कॅलेंडरवरचं रान ओलं दिसत होतं. सुकन्याचं कोरडं दिसत होतं. तिनं चकाकीचं वॉर्निश दोन हात मारलं. त्याच्या वासानं गौरम्मांच्या पूजेत ठसके सुरू झाले. इष्टलिंग तळहातावर घेऊन बसलेल्या म्हातारीला ठसका लागणं हा काही लहान प्रकार नव्हे. त्यांनी फर्मान काढलं, हे बाहेर न्या. बाहेर म्हणजे जिन्याकडची भिंत. उमाशंकरनं चार खिळे मारले आणि फळी टांगली. भिंत रस्त्याकडची. वर, बरोब्बर वर, गच्चीवरची पाण्याची टाकी.

सकाळी ऊन पडलं आणि बिराजदारांची भिंत वरपासून खालपर्यंत हिरवी, ओली, झिरपती दिसायला लागली. बाजूच्या सगळ्या भिंती तापलेल्या तव्यासारख्या. नळाला पाणी येऊन सहा दिवस झालेले, यायला अजून दोन दिवस. अशा वेळी गल्ली काय विचार करेल?

दुपारी शेजारचे शेषेराव आले. शेषेराव तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर ते तक्रारी लिहितात. स्वतःच्या संपल्या की लोकांच्या. हातात टाईप केलेला कागद होता.

“वहिनी, एक अर्ज करून राहिलोय. सार्वजनिक आहे. गल्लीतल्या चौदा लोकांच्या दस्तखती घेतल्या. तुमची नजर चांगली म्हणून म्हणलं, एकदा शुद्धलेखन तपासा.”

सुकन्यानं वाचलं. “विषय: श्री. उमाशंकर बिराजदार यांच्या घरी अनधिकृत जलजोडणी असल्याबाबत व त्यामुळे भिंतीस शेवाळ आल्याबाबत.”

“हा आमच्याविरुद्ध आहे!”

“व्हय ना. पण तुम्हाला न दाखवता पाठवणं मला बरोबर वाटलं न्हाई. आपला घरोबा हाय.”

“शेषेराव, ते शेवाळ काथ्याचं आहे! चित्र आहे ते!”

“तसं खुलाशात लिहा तुम्ही. खुलाशाला पंधरा दिवस असतात,” शेषेराव समजुतीनं म्हणाले. “‘अनधिकृत’चा ‘धि’ बरोबर हाय ना?”

‘धि’ बरोबर होता. हे सांगावं लागलं याचा सुकन्याला नंतर कित्येक दिवस राग येत राहिला.

खुलाशाचे पंधरा दिवस मिळालेच नाहीत. दुसऱ्याच सकाळी पाणीपुरवठ्याचे किशनराव दोन माणसं, एक पहार आणि एक वही घेऊन दारात. ह्याच माणसानं उज्वलाच्या दारचा तुंबलेला व्हॉल्व्ह दुरुस्त करायला दोन वर्षं घेतली होती. किशनराव फळीजवळ गेले, मान तिरकी केली, एक बोट शेवाळावर फिरवलं आणि बोटाकडं बघत राहिले.

“कोरडं आहे,” सुकन्या विजयानं म्हणाली.

“कोरडंच असनार,” किशनराव म्हणाले. “आमी येनार हे कळल्यावर तुमी कनेक्शन बंद केलं असनार.”

“अहो, काथ्या आहे! हात लावून बघा, वास घेऊन बघा, डिंकाचा वास येतोय!”

“बाई, मी अठरा वर्षं ह्या कामात हाय. चोरून पानी घेनारा मानूस भिंत झाकायला काय काय लावतो ते मी बघितलंय. फ्लेक्स लावतात, साड्या वाळत घालतात, एकानं तर देवाचा फोटो लावला. काथ्याचं शेवाळ लावून शेवाळ झाकनारं घर पहिलंच.”

खोटं शेवाळ लावलं म्हणजे खाली खरं असणार! सुकन्यानं फळी काढून मागची कोरडी ठणठणीत भिंत दाखवायची तयारी दाखवली. किशनरावांनी ती नाकारली. भिंत पुरावा होत नाही, पाईप होतो. जोडणी जमिनीत असते. जमीन खणायची.

खणलं. सगळी गल्ली जमली. शेषेराव अर्जाची प्रत हातात धरून उभे, लग्नात मंगलाष्टकांचा कागद धरून उभं राहावं तसे. पहारीचा पहिला घाव मुरुमावर, दुसरा दगडावर, तिसरा मुख्य जलवाहिनीवर.

असं पाणी गल्लीनं जन्मात बघितलं नव्हतं. खड्ड्यातून पुरुषभर उंचीचा फवारा उठला. लगेच घराघरांतून घागरी, बादल्या, टोप, कळशा, कुणी तर लहान मुलाचा टब घेऊन धावलं. उज्वला कपडे धुवायचा पत्र्याचा डबा घेऊन आली. गौरम्मा काठी टाकून तांब्या घेऊन आल्या. किशनराव व्हॉल्व्हची चावी आणायला पळाले ते पाऊण तासानं आले, आणि तेवढ्यात गल्लीच्या आठ दिवसांच्या पाण्याची सोय झाली. बायका सुकन्याभोवती गोळा झाल्या. “ताई, तुमच्या शेवाळाला नाव ठेवलं आम्ही, पन पायगुन चांगला हाय बरं का!” उज्वला म्हणाली. “पुढच्या महिन्यात बी करा असंच कायतरी.”

सुकन्या त्यांच्याकडं बघत नव्हती. फवारा सरळ तिच्या फळीवर पडला होता. धुक्याची जाळी लोळागोळा होऊन खोडांना चिकटली होती. काथ्यातला हिरवा रंग ओघळत खाली चालला होता. चार दिवसांनी प्रदर्शन. किशनरावांनी मात्र शांतपणे वहीत लिहिलं, “वाहिनी फुटण्याचे कारण: सदर शेवाळ,” आणि चोवीस तासांत शेवाळ हटवण्याची नोटीस तिच्या हातावर ठेवून ते निघून गेले.

संध्याकाळी गर्दी पांगल्यावर ती फळीसमोर पायरीवर बसली. रडायचं म्हणूनच बसली होती. बघता बघता तिचं रडणं थांबलं. ओघळलेल्या रंगाच्या रेघा खोडांवरून उतरून मुळांशी साचल्या होत्या, जाळी फांद्यांना बिलगून बसली होती, आणि तीन महिने, दोन हात वॉर्निश आणि नऊ छटा खर्चून जे ओलेपण आलं नव्हतं, ते आलं होतं. कॅलेंडरवरच्यापेक्षा खरं. तिला आनंद झाला आणि त्याहून जास्त संताप आला. आपण तीन महिने घासलं आणि फुटक्या पाईपानं तीन सेकंदांत केलं! हे ती कुणाला कधी सांगणार नव्हती. तिनं फक्त उखडलेले कोपरे चिकटवले आणि त्या ओघळांना हात लावला नाही.

नांदेडला फळी न्यायची कशी, हा पुढचा प्रश्न. एसटीच्या दारातून ती शिरेना. शेवटी उमाशंकरच्या ओळखीच्या चन्नबसप्पाचा टेंपो मिळाला. चन्नबसप्पा त्या दिवशी एका शेतकऱ्याच्या तीन बकऱ्या लोह्याला पोचवणार होता. “बकऱ्या गरीब हायत, वहिनी,” तो म्हणाला. “बांधून ठेवतो की. तुमी पुढं बसा आरामात.”

सुकन्या पुढं बसली. अहमदपूरला चहा घेतला. लोह्यात बकऱ्या उतरवायला मागचा फळका उघडला तर तिघींतली पांढरी बकरी दावं सोडून रानात चरत होती. उजव्या कोपऱ्यातले नेचे, शेवग्याचे, एकेक पान दाबून चिकटवलेले, सगळे साफ. तिनं तोंडात शेवटचं पान हलवत सुकन्याकडं बघितलं.

“डिंक पोटात गेला की ओ बिचारीच्या,” चन्नबसप्पा हळहळला.

सुकन्याला ओरडायचं होतं, आणि ती ओरडलीही. पण आत कुठंतरी, अगदी आत, तिला एक गोष्ट नोंदवून ठेवावीशी वाटली. किशनरावांना गळती दिसली, शेषेरावांना अर्ज दिसला, उज्वलाला मोराची जागा दिसली. ह्या फळीकडं बघून जिला रान दिसलं अशी ही पहिलीच.

नांदेडच्या सभागृहात नोंदणीच्या टेबलावर मंडळाचा आदिनाथ बसला होता. गळ्यात ओळखपत्र, पुढ्यात फॉर्मांचा गठ्ठा, चेहऱ्यावर सकाळपासून दोनशे लोकांना सामोरं गेल्याची थकावट. फळी भिंतीला टेकवली. त्यानं मान वर केली, हसला, आणि पेन उचललं.

“या, ताई! दरवर्षी येता तुम्ही. टाकाऊतून टिकाऊ. तिकडं हॉलच्या मागं, पाण्याच्या टाकीपाशी.”

“चित्रकला,” सुकन्या म्हणाली.

“ताई, चित्रकला म्हणजे कसं, रंग, कॅनव्हास. हे बघा, तुमचं…” तो उठून फळीजवळ आला आणि पेनानं दाखवायला लागला. “हे पोतं. टाकाऊ. हे घोसाळं. टाकाऊ. ही जुनी लोकर. टाकाऊ. हे गवत. आता नियमच आहे तो, मी काय करू? लई सुंदर आहे, छान आयडिया आहे…”

ते वाक्य ऐकताच सुकन्या पुढं सरसावली. पण चार वर्षांचा राग एकदम दाराशी आला की दारात अडकतो. मागं रांगेतली माणसं चुळबुळायला लागली. आदिनाथचं पेन रकान्यावर टेकलंच होतं.

“थांबा साहेब,” उमाशंकर म्हणाला.

सुकन्यानं वळून बघितलं. उमाशंकर फॉर्मच्या टेबलावर दोन्ही हात टेकवून उभा होता. दुकानात एखादा गिऱ्हाईक चांगल्या मालाला खोट काढायला लागला की तो असा उभा राहतो.

“ह्याच्यात एक बी वस्तू टाकाऊ न्हाई. हे पोतं बघा. हे जुनं फाटकं न्हाई, हे आमच्या ज्वारीचं चालू पोतं. ज्वारी खाली जमिनीवर ओतून हे काढलं हिनं. हा काथ्या माझ्या दुकानचं नवं बंडल, गिऱ्हाईकाला दाखवायला गेलो तर खुंटी रिकामी. हे घोसाळं आमच्या मोरीत टांगलेलं होतं. तीन महिने झाले, आमचं अख्खं घर पाठ न घासता आंघोळ करून राहिलंय. ही लोकर आमच्या अव्वाच्या, हिच्या सासूच्या, शालीची. अंगावर होती, ती झोपली होती.”

“अहो!” सुकन्या म्हणाली.

“आन् हे गवत.” उमाशंकरचा आवाज इथं जरा कापला. “हे कूलरचं गवत हाय, साहेब. आमच्या चालू कूलरच्या तिन्ही बाजूंचं. लातुरात, मे महिन्यात, आमी बिगर कूलरचं झोपून राहिलोय. ह्यातलं काय टाकाऊ होतं? फेकून दिलेल्या वस्तूचं कायतरी करनं सोपं हाय. हिनं वापरातलं घर उचलून त्याचं रान केलं. त्याला टाकाऊ म्हनाल तर आमी काय एवढे दिवस उगीच घामाघूम झालो?”

रांगेतली एक बाई हळूच म्हणाली, “कूलरचं?” आणि तिनं स्वतःच्या नवऱ्याकडं बघितलं.

सुकन्या मात्र नवऱ्याकडं बघत होती. तिला आजवर वाटत होतं, घरातून काय काय गेलं ते ह्या माणसाच्या लक्षातच आलेलं नाही.

“एवढं सगळं माहीत होतं,” ती संतापून म्हणाली, “तर तीन महिने तोंडाला कुलूप का लावलं होतं?”

“बोललो असतो तर तू परत दिलं असतंस,” उमाशंकर म्हणाला.

आदिनाथनं नियमाचं पुस्तक उघडलं, दोन पानं चाळली. वापरातल्या वस्तूंसाठी विभाग नव्हता. त्यानं पुस्तक मिटलं, घाम पुसला, आणि रकान्यात लिहिलं, ‘चित्रकला’. जागा मिळाली ती चित्रकलेच्या भिंतीची शेवटची, विजेच्या बोर्डाला लागून. पण पाटीखाली. सुकन्यानं ती पाटी तीन वेळा वाचली.

दुसऱ्या दिवशी परीक्षक आले. दोघं, झब्ब्यातले. प्रत्येक चित्रापुढं थांबत थांबत शेवटी विजेच्या बोर्डापाशी पोचले. सुकन्या खांबाआड उभी. ‘छान आयडिया’ येणार, आता येणार.

“रचना ढासळलीय,” पहिला म्हणाला. “डावीकडं फार भार आहे.”

“आणि धुकं जास्त साखर घातल्यासारखं झालंय,” दुसरा म्हणाला. “खोडांवरचे ओघळ चांगले आहेत, पण ते अपघातानं आलेत. हात अजून तयार नाही.”

“ही उजवीकडची खालची मोकळी जागा मात्र विचारपूर्वक सोडलीय. सगळ्यात धीट भाग तोच.”

ते पुढं गेले. सुकन्या खांबाला धरून उभी राहिली. जास्त साखर! हात तयार नाही! आणि सगळ्या रानात एकच धीट भाग निघाला तो त्या बकरीचा! तिला धावत जाऊन त्यांचा झब्बा ओढावासा वाटला. मग तिच्या लक्षात आलं, चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्या कामात खोट काढली होती. चित्रात काढतात तशी. आयडियात कुणी खोट काढत नाही, आयडियाला लोक नुसतं गोंजारतात. ती पुन्हा फळीपुढं जाऊन उभी राहिली, डोळे बारीक करून. डावीकडं भार होताच.

तिसऱ्या दिवशी निकाल लागला. पहिला, दुसरा, तिसरा, उत्तेजनार्थ दोन. तिचं नाव कुठंही नव्हतं.

लातूरला टेंपो गल्लीत शिरला तेव्हा बुजवलेल्या खड्ड्यापाशी उज्वला आणि शेषेराव उभेच होते.

“काय मिळालं, ताई?” उज्वलानं विचारलं.

“काही नाही.”

“उत्तेजनार्थ बी न्हाई?”

“उत्तेजनार्थसुद्धा नाही!” सुकन्या अशा आवाजात म्हणाली की वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या.

“अरारा. जाऊ द्या ताई, मन लहान करू नका. पुढच्या वर्षी परत टाकाऊत…”

“खबरदार!” सुकन्या टेंपोतून खाली उतरली. “मी चित्रकलेत हरलेय. चित्रकलेत! बावीस चित्रं होती आणि माझं त्यात होतं. डावीकडं भार जास्त होता म्हणून हरले, कळलं? आयडिया छान नव्हती म्हणून नाही!”

शेषेरावांनी खिशातलं पेन काढलं. “वहिनी, परीक्षकांविरुद्ध एक अर्ज टाकू का? पक्षपात, म्हणून.”

“टाकून तर बघा! बरोबर बोलले ते. बोलण्याची तऱ्हा वाईट होती, पण बरोबर बोलले.”

आत गौरम्मा शालीवाचून उघड्याच खांद्यांनी बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, विभूतीची बोटं सुनेच्या कपाळावर ओढली आणि मुलाला म्हणाल्या, “उमा, जा रे, पेढे आण.”

“अव्वा, ती हरली.”

“बावीस चित्रवाल्यांत हरली. आपल्या घरात आजवर कोन हरलं होतं रे एवढ्या मोठ्या लोकांत? जा!”

मिठाईच्या दुकानात उमाशंकरच्या मागोमाग सुकन्याही गेली. पेढे आपल्याच हातानं निवडायचे होते. मिठाईवाले हणमंतराव तागडीत पेढे टाकत म्हणाले, “काय शेठ, कशाचे पेढे?”

उमाशंकर जरा अडखळला. “आमच्या मंडळी… चित्रकलेत पडल्या.”

“पडल्या नाही,” सुकन्या मागून कडाडली, “हरल्या! पडायला नुसती परीक्षा पुरते. हरायला बरोबरीची माणसं लागतात. आणि हणमंतराव, ते पाव किलो काय टाकताय? किलो टाका!”